बुलढाण्याला पाटी नाही

मलकापूर स्टेशनात उतरणाऱ्या गर्दीत बुलढाण्याची माणसं लगेच ओळखू येतात. बाकीचे रिक्षाकडे वळतात आणि ही मंडळी एसटीकडे. मोताळ्यावरून, राजूरचा घाट चढून, पंचेचाळीसेक किलोमीटरनंतर त्यांचं गाव येतं. जिल्ह्याचं नाव बुलढाणा, पण त्या नावाचं स्टेशन नाही.

याचं कारण आपल्या बोलण्यातच आहे. आम्ही तालुके मोजतो ते ‘घाटाखालचे’ आणि ‘घाटावरचे’ असे. अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली पूर्णेचं खोरं, म्हणजे जुना पयनघाट. काळी माती, सपाट रान, कापूस. डोंगरावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला मुंबईहून नागपूर गाठायचं होतं आणि वाटेत वऱ्हाडाचा कापूस उचलायचा होता. अमेरिकेत यादवी पेटली होती, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता. अशा वेळी डोंगर चढतो कोण? रूळ खोऱ्यातून सरळ गेले आणि 1867 साली गाडी नागपूरला पोचली. बुलढाणा त्या रुळांवर कधीच आलं नाही. साहेबाला तिथली थंड हवा आवडली म्हणून जिल्ह्याचं ठाणं तिथं झालं, एवढंच. भिल्लांचं ठाणं ते ‘भिलठाणा’, त्याचं बुलढाणा, अशी नावाची कथा सांगतात. ‘ढ’ की ‘ड’, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. पाटीच नसल्यामुळे रेल्वे त्यातून सुटली!

म्हणून या जिल्ह्यातली स्टेशनांची नावं वाचायची तर घाटाखालीच यावं लागतं.

मलकापूर हे नाव एका राजकन्येचं. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या कुणा राजपुत्राने नळगंगेच्या काठी हे गाव वसवलं आणि मुलीचं, मलिकेचं, नाव दिलं, अशी परंपरा आहे. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त मलकापूर नरनाळा सरकारातलं परगण्याचं ठिकाण म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे इंजिनाची शिटी ऐकण्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं हे नाव सरकारदरबारी रुळलेलं होतं. रेल्वेने ते जसंच्या तसं उचललं. नांदुऱ्याचं गोत्र मला झाडाचं वाटतं. महाराष्ट्रात जागोजागी नांदूर आहेत, आणि त्यांचा धागा नांदरुखीशी जोडतात. खुमगाव बुर्ती हे जोडनाव ऐकलं की वाटतं, स्टेशन एक आणि मागणारी गावं दोन, म्हणून दोघांनाही राजी ठेवलं असावं.

मला मोह पडतो तो बिस्वा ब्रिजचा. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं हे छोटं स्टेशन. मोठ्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. या नावात गाव नाहीच. आहे तो पूल. बुलढाण्याच्या डोंगरातून उतरणारी विश्वगंगा इथं रुळांखालून पूर्णेकडे जाते. साहेबी कागदांत ‘व’चा ‘ब’ झाला, गंगा गळून पडली आणि विश्वगंगेची ‘बिस्वा’ झाली. पुढे ‘ब्रिज’ चिकटला तो इंजिनियराच्या डोळ्याने. नदीवरून रूळ नेणाऱ्याला पूलच आधी दिसणार! गावकरी ज्या पाण्याला गंगा म्हणत आले, ते रेल्वेच्या लेखी ओलांडायचं एक अंतर होतं. हे लिहिताना राग नाही, गंमतच जास्त वाटते.

जलंबची कथा वेगळी. गाव लहान, नाव मात्र जंक्शनमुळे सगळीकडे पोचलं. इथून तेराएक किलोमीटरची फाट्याची लाइन खामगावला जाते. खामगाव तेव्हा वऱ्हाडातला कापसाचा बडा बाजार होता, पण मुख्य मार्ग त्याला बगल देऊन गेला. बैलगाड्यांच्या रांगा लावून गाठी स्टेशनावर आणण्यापेक्षा रूळच बाजारात न्यावेत, असं ठरलं. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते ही लाइन सुरू झाली. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! कापसाचं वजन तेव्हा काय होतं ते यावरून कळावं. आज खामगाव चांदीसाठी ‘रजतनगरी’ म्हणून ओळखलं जातं आणि फाट्यावरून छोटी गाडी येऊन-जाऊन असते.

शेगावची उलटापालट याहून मोठी. तिथलं स्टेशनही मुळात कापसाच्या मुलखातलं, व्यापाऱ्यांच्या सोयीचं. 23 फेब्रुवारी 1878 ला गजानन महाराज प्रगटले तेव्हा रूळ येऊन दशकाहून अधिक काळ लोटला होता. त्यांना प्रथम पाहणाऱ्यांत बंकटलाल अग्रवाल होते, गावातल्या व्यापारी घराण्यातले. 8 सप्टेंबर 1910 ला महाराजांनी समाधी घेतली. त्यानंतर मालाच्या स्टेशनाचं वारीचं स्टेशन झालं. शेगाव म्हणजे मूळचं शिवगाव, असं दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजया’ने घरोघरी पोचवलं. कुणी शृंगमुनींचं नाव घेतात. व्युत्पत्ती कुणाची खरी यात मी पडत नाही. पण शेजारच्या नागझरीच्या पाटीवर आता ‘श्रीक्षेत्र’ लागलं आहे, गोमाजी महाराजांच्या स्थानामुळे, आणि एवढ्यावरून पारडं कुठं झुकलं ते दिसतं.

पुढच्या नावांचीही तयारी आहे. अकोला-खंडवा मार्ग मेळघाटला वळसा घालून नेण्याच्या आराखड्यात सोनाळा आणि जामोद ही आपल्या जिल्ह्यातली गावं येतात. घाटावरच्या चिखली, देऊळगाव राजाची आशा खामगाव-जालना मार्गावर टांगलेली आहे, आणि ही मागणी शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे.

स्टेशनाचं नाव बदलणं एकट्या रेल्वेच्या हातात नसतं. राज्य सरकारने प्रस्ताव पाठवायचा, केंद्रीय गृह मंत्रालयाने ना-हरकत द्यायची, मग पाटी रंगते. नांदुरा-मलकापूर तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी एक ठराव करावा, असं मला मनापासून वाटतं. नवं नाव शोधायची गरज नाही, कुणा थोराचं नाव लावायची तर नाहीच. बिस्वा ब्रिजच्या पाटीवर फक्त ‘विश्वगंगा’ एवढं लिहा.