आजोबांचं टायमिंग किती?

आज जानेवारीचा तिसरा रविवार. ही पुरवणी तुमच्या हातात पडेपर्यंत मुंबई मॅरेथॉनचे विजेते केव्हाच सीएसएमटीला पोचलेले असतील आणि हजारो हौशी मंडळी पेडर रोडच्या चढाशी झगडत असतील. उद्याच्या पेपरांत काय येणार, हे आजच सांगता येतं. पहिला आलेला परदेशी धावपटू, भारतीयांमधला पहिला, एखादा सिनेकलाकार आणि एका कोपऱ्यात हातात तिरंगा घेतलेले पांढऱ्या केसांचे आजोबा. फोटोखाली ‘तरुणांना लाजवणारा उत्साह’. विजेत्याची वेळ सेकंदापर्यंत छापली जाते. आजोबांची वेळ कुणी विचारत नाही. ते पूर्ण मॅरेथॉन धावले, अर्ध मॅरेथॉन धावले की ज्येष्ठांची छोटी दौड, एवढंही पुष्कळदा कळत नाही.

विचारायला हवं. कारण ती वेळ आभाळातून पडत नाही. तिच्यामागे आठवड्यांमागून आठवडे असतात, आणि साठीनंतरच्या धावपटूचा आठवडा आखणं तिशीतल्या धावपटूपेक्षा कितीतरी अवघड असतं.

पुण्यात माझ्या ओळखीचे एक काका आहेत. वय ६६, निवृत्त, पन्नाशी उलटल्यावर धावायला लागलेले. आज ते मुंबईत अर्ध मॅरेथॉनला आहेत. “नाव नका छापू, आठवडा छापा,” म्हणाले. म्हणून त्यांचा आठवडा.

सोमवारी काही नाही. हे ‘काही नाही’ जमायला त्यांना काही वर्षं लागली. आदल्या दिवशीच्या लांब पल्ल्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते. ती भरून येताना स्नायू आणखी बळकट होतो, म्हणजे सरावाचं फळ खरं तर विश्रांतीत मिळतं. विशीत ही डागडुजी लवकर उरकते. साठीत तिला वेळ लागतो, आणि खाल्लेल्या प्रथिनांतून स्नायू बांधण्याची शरीराची क्षमताही मंदावते. त्यामुळे याच वयात प्रथिनं जास्त लागतात आणि नेमकं याच वयात आपल्याकडे रात्रीचं जेवण दूध-पोह्यांवर येतं. काकांच्या घरी आता रात्री उसळ असते, सकाळी मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही.

त्यांची वही मी पाहिली आहे. जुन्या डायरीत तारखेपुढे पहिला आकडा पहाटेच्या नाडीचा. अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवून मोजलेला. मनगटावर घड्याळ आहे, तेही नाडी दाखवतं, तरी काका बोटांनी मोजतात. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त भरले की त्या दिवसाचं धावणं रद्द. त्या तारखेपुढे फक्त ‘आज नको’ असं लिहिलेलं. अशी पानं वहीत बरीच आहेत आणि माझ्या मते वहीतली सगळ्यात मोलाची पानं तीच.

मंगळवारी सावकाश धावणं. सावकाश म्हणजे किती, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनंतर दम लागता कामा नये. जिममध्ये अजूनही २२० वजा वय हे सूत्र भिंतीवर लावलेलं असतं. त्या हिशोबाने काकांच्या नाडीची कमाल मर्यादा १५४ होते. २००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे, त्याप्रमाणे ती १६२च्या आसपास जाते. आठ ठोक्यांचा फरक म्हणजे सावकाश आणि दमवणारं यांतली रेघच सरकली. शिवाय दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला दोन्ही निरुपयोगी, कारण ते औषध नाडीच खाली ठेवतं. बोलून बघणं कुणालाही जमतं आणि ते फारसं चुकत नाही.

बुधवारी डंबेल्स. इथे एक संशोधन सांगायलाच हवं. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात जेफ्री पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पासष्टीच्या आसपासच्या, वर्षानुवर्षं धावणाऱ्या लोकांचे पाय तपासले. वय वाढतं तसे स्नायूंना हुकूम देणारे चेतातंतू कमी होत जातात आणि त्यांच्या ताब्यातले स्नायूतंतूही हळूहळू जातात. म्हातारपणी पाय बारीक होतात त्यामागचं हे एक मोठं कारण. या धावपटूंच्या नडगीच्या स्नायूत मात्र अशा जोडण्यांची संख्या पंचविशीतल्या तरुणांच्या जवळपास भरली. पुढे त्याच गटाने दंडाचा स्नायू तपासला. तिथे असा काहीच फायदा दिसला नाही. पायांनी केलेले कष्ट पायांनाच मिळाले. म्हणून फक्त धावणाऱ्या ज्येष्ठांना दंड, खांदे, पाठ यांच्यासाठी वेगळा घाम गाळावा लागतो.

गुरुवार हा काकांचा जोराचा दिवस, आठवड्यातला एकमेव. तळजईचा चढ. वर जाताना जीव तोडून, खाली येताना चालत, आणि पुन्हा वर. चढावर वेग आपोआप कमी राहतो, पावलं जोरात आपटत नाहीत, तरी हृदयाला पूर्ण काम मिळतं. श्वासातला प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता बसून राहणाऱ्या माणसात दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घसरते. जोराचा सराव टिकवणाऱ्यांत ही घसरण बरीच कमी राहते. नुसत्या रमतगमत धावण्याने ती तितकी रोखली जात नाही, म्हणून हा एक दिवस सोडायचा नाही.

शुक्रवारी चालणं, शनिवारी थोडंसं धावणं, रविवारी लांब पल्ला. पण खरं सांगायचं तर सात दिवसांत हे सगळं बसत नाही. सात दिवसांचा हट्ट पगारदारांच्या सुट्टीने लादलेला आहे. निवृत्त माणसाला तो पाळायचं काय कारण? काकांनी गेल्या पावसाळ्यापासून नऊ दिवसांचा आठवडा केला आहे. लांब पल्ला कधी बुधवारी येतो, कधी शुक्रवारी. ग्रुपमधले कुरकुरतात. काकांची पोटरी तेव्हापासून कुरकुरलेली नाही.

हे सगळं शास्त्र एका माणसापाशी येऊन थबकतं. त्याचं नाव एड व्हिटलॉक. १९३१ मध्ये लंडनजवळ जन्म, शिक्षणाने खाण अभियंता, नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि टोरंटोजवळच्या मिल्टन गावात राहिला. तरुणपणी धावायचा, मग धावणं सुटलं, चाळिशीच्या सुमारास परत सुरू झालं. घराजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या वाटेवर तो फेऱ्या मारायचा. दिवसाला दोन तास, तीन तास, आणि तेही अगदी संथ. डंबेल्स नाहीत, स्ट्रेचिंग नाही, प्रशिक्षक नाही, नाडीचा हिशोब नाही, बुटांची जोडी वर्षानुवर्षं तीच. जोराचा सराव म्हणजे अधूनमधून छोट्या शर्यती. आठवड्याच्या आखणीबद्दल मी वर जे लिहिलं, त्यातलं निम्मंअधिक या माणसाने पाळलंच नाही.

आणि २००३ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, तो टोरंटोत २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत मॅरेथॉन धावला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करण्याची ती पहिली वेळ. पुढच्या वर्षी, ७३व्या वर्षी, त्याने २:५४:४८ अशी वेळ दिली. ८१व्या वर्षी मॅकगिल विद्यापीठात त्याची तपासणी झाली तेव्हा प्राणवायू वापरण्याची क्षमता ५४ भरली. निरोगी तरुणालाही अभिमान वाटावा असा हा आकडा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ८५व्या वर्षी तो ३ तास ५६ मिनिटं ३४ सेकंदांत धावला. पाच महिन्यांनी कर्करोगाने गेला.

व्हिटलॉकचं उदाहरण घेऊन रोज तीन तास धावायला निघू नका. तसा प्रयत्न करून गुडघे धरून बसलेले कितीतरी असतील, त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत. पण व्हिटलॉकलाही सक्तीने थांबावं लागे. दुखापतींमुळे त्याचे महिनेच्या महिने वाया गेले, आणि तेव्हा तो बरा होईपर्यंत खरोखर थांबायचा. ही गोष्ट त्याच्या चाहत्यांच्या सांगण्यातून नेहमी गळते. मला तर वाटतं, त्याच्याकडून घ्यायचा खरा धडा तोच.

आता टायमिंगकडे. ७३व्या वर्षी २:५४ म्हणजे किती मोठं, हे समजायला जगभरच्या ज्येष्ठांच्या शर्यतींत एक पद्धत वापरतात. त्या त्या वयाच्या सर्वोत्तम कामगिऱ्यांवरून प्रत्येक वयासाठी एक गुणक काढलेला असतो. तुमची वेळ त्याने गुणली की ऐन भरात तुम्ही साधारण किती वेळात धावला असता, ते कळतं. व्हिटलॉकची ती धाव या हिशोबाने सुमारे २ तास ४ मिनिटांची ठरते. २००४ मध्ये मॅरेथॉनचा जागतिक विक्रम २:०४:५५ होता. म्हणजे त्या दिवशी ७३ वर्षांच्या एका निवृत्त अभियंत्याने, वयाचा हिशोब धरला तर, जगातली सर्वोत्तम धाव दिली होती. गुणकांचे तक्ते फुकट मिळतात. आपल्याकडच्या आयोजकांनी निकालाच्या यादीत वेळेशेजारी आणखी एक रकाना टाकला तर पासष्टीच्या बाईंनी पस्तिशीच्या पुरुषाला मागे टाकलं की नाही, हे सगळ्यांना दिसेल. मला हा रकाना हवा आहे. तो पेपरातही छापलेला हवा आहे.

बारामतीच्या लता करे आठवतात? २०१३ मध्ये साठी ओलांडलेल्या लताबाई नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखलही घेतली गेली. नऊवारी महाराष्ट्राला पाठ आहे, नवऱ्याचं आजारपण पाठ आहे. त्यांची वेळ कुणाला माहीत आहे? शेतमजुरीचे कष्ट अंगावर असलेली बाई कसलाही सराव न करता किती वेगाने धावली, हे नोंदवणं ही त्यांच्या कष्टांची खरी दाद झाली असती.

फौजा सिंग यांचंही तेच. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, जालंधरजवळच्या आपल्या बियास गावात रस्त्यावर गाडीची धडक बसून ते गेले, तेव्हा सगळीकडे एकच गोष्ट आली, शंभराव्या वर्षी पूर्ण केलेली मॅरेथॉन. २०११ची ती धाव आठ तासांहून जास्त वेळाची होती. जन्मदाखला नसल्याने गिनेस बुकाने वयाची नोंद मानली नाही, हा वाद वेगळा. पण पासपोर्टवरच्या जन्मतारखेप्रमाणे ९२ वर्षांचे असताना, २००३ मध्ये, टोरंटोतच ते ५ तास ४० मिनिटांत मॅरेथॉन धावले होते. धावपटू म्हणून त्यांची खरी उंची तिथे दिसते. त्या ५:४०बद्दल बोलणारे मला क्वचितच भेटतात.

टायमिंगच्या आधी प्रश्न येतो तो तब्येतीचा. साठीनंतर धावलं की गुडघे जाणारच, असं घरोघरी ऐकवलं जातं. स्टॅनफर्डमध्ये जेम्स फ्राइज आणि सहकाऱ्यांनी १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावपटूंचा आणि न धावणाऱ्यांचा पाठपुरावा केला. १९ वर्षांनी न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मरण पावले होते, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. रोजच्या कामांत परावलंबन येण्याचं वयही धावणाऱ्यांत कित्येक वर्षं पुढे गेलं. त्याच मंडळींपैकी काहींच्या गुडघ्यांचे एक्स-रे जवळपास दोन दशकं काढले गेले. धावणाऱ्यांचे गुडघे जास्त झिजल्याचं दिसलं नाही. मुळात धडधाकट माणसंच धावतात, हा आक्षेप उरतोच, आणि संशोधकांनी तो जमेस धरूनच हिशोब केला होता.

काळजी हृदयाची घ्यावी. अनेक दशकं लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या पुरुषांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण अधिक आढळतं. म्हणून काका दरवर्षी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतात. छातीत जडपणा, अकारण धाप, धावताना घेरी, यांतलं काहीही झालं तर शर्यत तिथेच सोडायची, बिब गेला खड्ड्यात. दुसरी गोष्ट पेनकिलरची. गुडघा दुखू नये म्हणून स्टार्टलाइनवर गोळी घेणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात ही गोळी, आणि रक्तदाबाची औषधं चालू असतील तर मूत्रपिंडांवर मोठा घाला. मुंबईची दमट हवा ही गोष्ट आणखी बिघडवते, कारण वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. तहान लागण्याची वाट न बघता थोडं थोडं प्यावं, मात्र घटाघट नुसतं पाणी पीत सुटणंही धोक्याचं.

आज शर्यत संपवून आलेल्यांसाठी पुढचा आठवडा सोपा आहे. न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर बत्तिशीत धावायला लागला आणि १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४१व्या वर्षी २:११:१९ची मॅरेथॉन धावून रौप्यपदक घेऊन गेला. शर्यतीतल्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोराचं धावणं बंद, हा त्याचा नियम. पूर्ण मॅरेथॉन धावलेल्यांनी २६ दिवस, अर्ध मॅरेथॉनवाल्यांनी १३. काकांनी वहीत पुढच्या तेरा तारखांपुढे आधीच ‘आज चढ नको’ लिहून ठेवलं आहे. चौदाव्या दिवशी तळजई.