वर्गणीवर उभं राहिलेलं गाणं

१४ एप्रिल ही तारीख एकच. पण मराठवाड्यात गावोगावच्या भीमजयंत्या एप्रिलच्या सुरुवातीपासून थेट मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालू राहतात. बाहेरून आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. गावं शेकडो आणि गायन पार्ट्या मोजक्या. चौदा तारखेला पार्टी शहरातल्या एखाद्या मोठ्या मंडळाने आधीच धरलेली असते. मग वैजापूरकडचं गाव सतरा तारीख घेतं, भोकरदनकडचं बावीस, आणि गेवराईच्या पुढचं एखादं गाव बुद्धपौर्णिमेला जोडून जयंती करतं. गायक मोकळा कधी, हे विचारून तारीख ठरते. आपला सर्वांत मोठा सण माणसांनी कलावंताच्या सवडीप्रमाणे पुढे न्यावा, याहून मोठा मान कलावंताला आणखी कुठे मिळत असेल, असं मला वाटत नाही.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, हे या फिरत्या गाण्याचं मोठं ठाणं. उस्मानपुरा, भीमनगर-भावसिंगपुरा, टीव्ही सेंटरच्या आसपासच्या वस्त्या, जिथे जाल तिथे कुणी गाणारा, कुणी ढोलकीवाला, कुणी कोरसला बसणारा भेटतो. पार्टी म्हणजे साधारण आठ-दहा माणसं. मुख्य गायक किंवा गायिका, दोघे-तिघे कोरस, पेटी, ढोलकी, ढोलक, बेंजो, अलीकडे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड, शिवाय एक निवेदक. सगळं सामान एका क्रूझरच्या टपावर बांधलं की पार्टी निघाली. यातले बहुतेक जण दिवसा दुसरं काही करतात. कुणी रिक्षा चालवतो, कुणी वाळूजच्या कंपनीत कंत्राटी कामावर असतो, कुणी शाळेत शिकवतो. हंगामात रात्रपाळी मंचावर आणि दिवसपाळी कामावर, असा महिना-दीड महिना काढावा लागतो.

हंगाम एकच नसतो, हेही सांगायला हवं. १ जानेवारी भीमा कोरेगाव, ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, १४ जानेवारी नामविस्तार दिन, ७ फेब्रुवारी रमाईची जयंती, २० मार्च महाड, ११ एप्रिल जोतीरावांची जयंती, मग भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. शर्मिला रेगे यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या वार्षिक मेळ्यांकडे, तिथे विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांकडे आणि गाण्यांकडे ज्ञानाचं साधन म्हणून पाहिलं. विद्यापीठातल्या विदुषीने गाण्याच्या पुस्तिकेला ग्रंथाच्या बरोबरीने बसवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या गाण्याची मुळं जलशात आहेत. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात समाजप्रबोधन भरलं, आणि १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. पुढे त्यांनीच ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावर पुस्तक लिहून ठेवलं. कलावंताने स्वतःच्या चळवळीचा इतिहास स्वतः लिहिल्याची अशी उदाहरणं आपल्याकडे थोडी. जलसा पायी, बैलगाडीने, आगगाडीने फिरायचा. जिथे वर्तमानपत्र पोचत नव्हतं आणि पोचलं तरी वाचणारा नव्हता, तिथे मंदिरप्रवेश, शाळा, दारूबंदी, मतदान हे विषय गाण्यातून आणि वगातून पोचले.

मराठवाड्यात मात्र एक अडचण निराळी होती. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात बाबासाहेबांना सभा घेऊ दिली जात नव्हती, म्हणून कन्नडजवळ शिवना नदीच्या पलीकडे, ब्रिटिश हद्दीतल्या मक्रणपूरला ३० डिसेंबर १९३८ रोजी परिषद भरवली गेली. भाऊसाहेब मोरे तिच्यामागे उभे होते. नदी ओलांडून लोक गेले. आजही ३० डिसेंबरला तिथे माणसं जमतात.

पुढचं पाऊल नागसेनवनात पडलं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यांतली मुलं इथल्या वसतिगृहांत आली आणि आपल्याबरोबर घरची गाणी घेऊन आली. प्राचार्य म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ हे नाटक याच परिसरातून निघालं. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक इथेच सुरू केलं. दलित साहित्याचा इतिहास सांगताना ही नावं हमखास येतात. पण त्याच वसतिगृहांच्या ओट्यांवर रात्री जी गाणी बसवली जात, त्यांचा उल्लेख क्वचित होतो. माझ्या मते कविता आणि भीमगीत ही एकाच घरातली भावंडं. एकाला पारितोषिकं मिळाली आणि दुसऱ्याला बिदागी, एवढाच फरक.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळे यांचं नाव आजही गाण्यांत येतं. १९७९ साली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या जवळपास सोळा वर्षांत सभेआधी गाणं, सभेनंतर गाणं, तुरुंगातून सुटून आलेल्यांच्या स्वागताला गाणं. गायन पार्टीसाठी तो काळ धोक्याचा होता, कारण ज्या रस्त्याने कार्यक्रमाला जायचं तो रस्ताच सुरक्षित नसे. आज १४ जानेवारीला विद्यापीठ गेटसमोर जो समुदाय जमतो, तिथे पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा आणि शेजारी शेजारी अनेक मंच असतात. एका मंचावरचं गाणं संपायच्या आत दुसरीकडचं कानावर येतं. मी तिथे दरवेळी एकाच मंचासमोर बसायचं ठरवून जातो आणि दरवेळी फिरत राहतो.

या सगळ्या परंपरेचा कणा म्हणजे वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म, १५ मे २००४ रोजी निधन. मुंबईत मोलमजुरी करताना, बऱ्याच उशिरा, त्यांना अक्षरओळख झाली, आणि त्यानंतर त्यांनी हजारो गाणी लिहिली. दादा आयुष्यभर फिरले. ज्या गावात मुक्काम, तिथे गाणं लिहून तिथल्याच गायकाला देऊन टाकायचं, ही त्यांची रीत. म्हणून मराठवाड्यात ‘हे दादांनी आमच्या घरी लिहिलं’ असं सांगणारी घरं आहेत. या देण्यामुळे गाणी टिकली आणि त्याच देण्यामुळे काही विखुरलीही. दादा गेले त्याच वर्षी गायक प्रल्हाद शिंदेही गेले. कव्वालीच्या मुकाबल्यांतून तावून निघालेला त्यांचा आवाज पुढे कॅसेटच्या जमान्यात घराघरांत पोचला. शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच कोसळले.

कव्वालीचा बाज भीमगीतात इतका मुरला कसा, याचा विचार करताना मला आपल्या शहराचा शेजार आठवतो. तासाभराच्या अंतरावर खुलताबाद. जर जरी जर बक्ष आणि बुऱ्हानुद्दीन गरीब या चिश्ती संतांचे दर्गे तिथे चौदाव्या शतकापासून आहेत. मुंबईच्या कव्वालांनी ही शैली मराठीत आणली हे खरं. पण ती ऐकायला लागणारा कान इथे आधीपासून तयार होता. म्हणून ‘दुरंगी सामना’ जाहीर झाला, एकीकडे गायक आणि दुसरीकडे गायिका सवाल-जवाबाला बसले, की इथली बैठक हलत नसे.

अशा एका पार्टीबरोबर मी प्रवास केला आहे, त्यातली एक रात्र सांगतो. गाव गंगापूर तालुक्यातलं. संध्याकाळी पोचलो तेव्हा मंडपाचे बांबू अजून तापलेले होते. ढोलकीवाल्या भाऊंनी उतरल्या उतरल्या ढोलकी सावलीत नेली. एप्रिलच्या उन्हात चामडं ताणलं जातं आणि सूर चढतो. गायकाची पट्टी काळी चार असेल तर ढोलकी तिच्याही वर जाऊन बसते. डिसेंबरात उलटं. दव पडलं की चामडं सैल, मग हॅलोजनच्या दिव्याजवळ धरून ते शेकायचं. भाऊंच्या खिशात नट आवळायचा पाना होता. शाईवर बोट मारायचं, कान लावायचा, अर्धा आटा फिरवायचा, पुन्हा बोट. पेटीवाला एकच सूर धरून बसलेला. अर्धा तास हे चाललं आणि समोरची लहान पोरं श्वास रोखून पाहत होती.

शेजारी बेंजो उघडला गेला. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे वाद्य जपानचं. १९१२ साली नागोयात ते तयार झालं आणि नंतर हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं. तारेला पिकअप जोडून, ॲम्प्लिफायरमधून काढलेला त्याचा करकरीत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. गायकाचा आवाज सलग गाण्याने बसला तर बेंजोच चाल ओढून नेतो. शास्त्रीय मैफलीत या वाद्याला जागा नाही. इथे त्याच्यावाचून चालत नाही.

जेवण एका घरी होतं. भाकरी, पिठलं, ठेचा, आणि पाहुणे म्हणून शिरा. वाढणाऱ्या ताईंनी गायिकेला बाजूला घेऊन सांगितलं, “रमाईचं गाणं आधी घ्या हो ताई, माझी सासू लवकर झोपती.” गायिकेने कार्यक्रमाचा क्रम तिथल्या तिथे बदलला.

मग वही. मंचाच्या कडेला निवेदक वही घेऊन बसतो. गाणं रंगलं की कुणीतरी उठतो, दहाची, पन्नासाची नोट पेटीवर ठेवतो, कानात नाव सांगतो. दोन कडव्यांच्या मध्ये नाव पुकारलं जातं: अमुक यांच्याकडून वडिलांच्या स्मरणार्थ, तमुक यांच्याकडून नातीच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त. फर्माईशीची चिठ्ठी त्याच नोटेत गुंडाळलेली असते. त्या रात्री एका म्हाताऱ्या आजींनी पदराच्या गाठीतून नाणी काढून दिली, आणि निवेदकाने त्यांचं नाव सरपंचांच्या नावाइतक्याच मोठ्याने पुकारलं. वस्तीतल्या प्रत्येकाचं नाव वर्षातून एकदा माइकवरून घेतलं जातं ते इथेच. कार्यक्रमाचा मूळ खर्चही असाच घरटी वर्गणीतून जमलेला असतो. या गाण्याचा मालक ऐकणारा आहे, हे त्या वहीत स्पष्ट दिसतं.

आता दुखरी गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. १४ एप्रिलला सवलत मिळाली तरी मे महिन्यातल्या गावच्या जयंतीला ती नसते. नियम योग्यच आहे. आजाऱ्याला, तान्ह्या बाळाला झोप हवी. पण रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमाचा जो बांधा होता तो यात मोडला. वंदनेने सुरुवात, मग तडफदार गाणी, मध्यरात्रीनंतर रमाईच्या कष्टांची किंवा धम्मदीक्षेची लांब कथागीतं, पहाटे बुद्धाची गाणी. गायक मध्ये थांबून समजावून सांगायचा, प्रश्न विचारायचा. आता आठला मंडप भरतो, साडेनऊपर्यंत पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं चालतात, आणि गायकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. गाणं आधी आणि सत्कार नंतर, एवढा एक बदल मंडळांनी केला तरी कितीतरी हाती लागेल.

दुसरं संकट डीजेचं. तरुणांनी जयंतीला नाचावं, मनसोक्त नाचावं. त्या आनंदावर त्यांचा पुरा हक्क आहे. पण वर्गणी तेवढीच असते. ती एका रात्रीच्या साऊंड आणि लायटिंगवर गेली की पार्टीला बोलावायला पैसे उरत नाहीत. डीजेवर वाजतं तेही कुणा गायकाचंच गाणं. फक्त त्या गायकाला आणि ढोलकीवाल्याला त्यातून काही मिळत नाही. हे मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण हंगामभर एकही तारीख न मिळालेले वादक मी या शहरात पाहिले आहेत.

तरीही गाणं नव्या वाटा शोधतं. आपल्याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गात राहिल्या. मोबाइलवरच्या चित्रफितींनी त्यांचा आवाज देशभर नेला, आणि नंतर मोठ्या मंचांवर त्यांना बोलावणी आली. त्यांच्या गाण्यात जात्यावरची ओवी ऐकू येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या आहेत. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी-कलावंतांनी रंगमंचावर गाजवलेलं राजकुमार तांगडेंचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आणि त्यातलं संभाजी भगतांचं संगीत हे याच मातीतलं. आनंद पटवर्धनांनी १४ वर्षं चित्रीकरण करून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा केला, तो विलास घोगरे या शाहिराच्या मृत्यूपासून सुरू होतो. पंजाबात गिन्नी माही गाते, चेन्नईत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने १९ जणांचा ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ जानेवारी २०१८ मध्ये मंचावर आला, त्यात चेन्नईचं ‘गाना’ हे लोकसंगीत आणि रॉक एकत्र आहेत. त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी होते. आपल्याकडचा गायक मात्र अजून शिक्षण, नोकरी आणि रात्रीचा प्रवास यांच्यात अडकलेला आहे.

ज्यांना हे प्रत्यक्ष ऐकायचं आहे त्यांनी ३० डिसेंबरला मक्रणपूर गाठावं, १४ जानेवारीला विद्यापीठ गेटसमोर संध्याकाळी चारच्या आधी पोचावं, आणि एप्रिलमध्ये शहरातल्या भडकल गेटची गर्दी पाहून झाल्यावर एखाद्या पार्टीच्या मागे तालुक्याच्या गावी जावं. चौदानंतरच्या तारखा उत्तम. गायक घाईत नसतो. सतरंजीवर पुढे बसावं, कारण शब्द तिथेच नीट कळतात. खिशात दहा-दहाच्या सुट्ट्या नोटा ठेवाव्यात, फर्माईश चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहावी, आणि निवेदकाला आपल्या गावाचं नावही सांगावं.