नवी किडनी आणि वाढतं वजन

किडनी प्रत्यारोपण झालेला माणूस काही महिन्यांनी एखाद्या लग्नात भेटला की पाहुणे हमखास म्हणतात, "वा, तब्येत चांगलीच सुधारली!" डायलिसिसवर असताना ओढलेला चेहरा आता भरलेला असतो, त्यामुळे कौतुक मनापासूनचंच. पण पहिल्याच वर्षात वजनात पाच-दहा किलोंची भर पडणं ही प्रत्यारोपणानंतर वारंवार दिसणारी गोष्ट आहे आणि वाढतं ते बहुतेक चरबीचं वजन, स्नायूंचं नव्हे. या वजनाबद्दल सर्रास ऐकू येणारे काही समज एकेक करून तपासू.

'सगळा दोष स्टिरॉइडचा.' निम्मंच खरं. प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने भूक खवळते, चरबी गालांवर, मानेमागे आणि पोटावर साठते, अंगात मीठ-पाणी धरून राहतं. तरीही स्टिरॉइड लवकर बंद केलेल्या रुग्णांचंही वजन वाढतंच, थोडं कमी इतकंच. मोठं कारण ताटात आहे. किडनी निकामी असताना रक्तात साठणाऱ्या टाकाऊ द्रव्यांमुळे तोंडाची चव जाते, अन्न बघूनच मळमळतं. त्यात पाणी मोजून, नारळपाणी बंद, बटाटा आणि पालेभाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं. नवी किडनी काम करू लागली की भूक परत येते आणि यातली बरीच पथ्यं सुटतात. मग इतकी वर्षं हुकलेला आमरस वाटीवर वाटी येतो. वाढणाऱ्यांचा आग्रह तर विचारूच नका. माझ्या मते या वजनात घरच्यांचाही वाटा असतो.

'मग गोळी थोडी कमी करून बघू.' या यादीतला हा सर्वांत घातक विचार. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चुकल्या की शरीर नव्या किडनीवर हल्ला करतं, आणि गेलेली किडनी पथ्याने परत मिळत नाही. शिवाय स्टिरॉइड बराच काळ घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल तयार करण्याची सवय मोडलेली असते. ते एकाएकी थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

'वजन हा दिसण्याचा प्रश्न आहे.' फक्त तेवढाच नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन कमी करतं, स्टिरॉइडमुळे शरीर आहे त्या इन्सुलिनलाही नीट दाद देत नाही. वर पोट सुटलं, की आधी मधुमेह नसलेल्यालाही तो जडू शकतो. याचा भार हृदयावरही पडतो; किडनी उत्तम चालू असताना हृदयविकाराने रुग्ण दगावणं ही प्रत्यारोपणातली जुनी शोकांतिका आहे. भारतीयांनी बीएमआय 25 होण्याची वाट बघू नये. आपल्यासाठी धोक्याची रेषा 23 पासूनच सुरू होते.

'धक्का लागेल, पडून राहा.' नवी किडनी खाली, जांघेच्या जरा वर बसवलेली असते, म्हणून ही भीती. जखम भरेपर्यंत काही आठवडे जड उचलायचं नाही आणि कबड्डी-कुस्तीसारख्या खेळांबाबत डॉक्टरांना विचारायचं, एवढंच. चालायला तर रुग्णालयातच लावतात. अवयव मिळालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा 1978 साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला सुरू झाल्या आणि त्यांत लोक चक्क शर्यती धावतात.

'काढा-चूर्णाने काय बिघडतं?' बरंच काही. पपनस आणि ग्रेपफ्रूटमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते; काही वनौषधींनी ती घसरते. 'इम्युनिटी वाढवा' म्हणून विकली जाणारी चूर्णं तर मुद्दाम झोपवलेल्या प्रतिकारशक्तीलाच उठवायला निघालेली असतात. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं काही प्रत्यारोपित रुग्णांना देतात, पण तो निर्णय प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांचा.

आणि काट्यावरची प्रत्येक वाढ चरबीचीही नसते. दोन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले, लघवी कमी झाली, तर ते साठलेलं पाणी असू शकतं आणि कदाचित रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याची, सुरुवातही. अशा वेळी जेवण कमी करत बसायचं नाही, लगेच रुग्णालयात फोन करायचा.