सीताबर्डीचा अरब, उंची 28 मिलिमीटर

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज नेहमी महादरवाज्याहून उंच असतात. बालेकिल्ल्यावर सिंहासन, खाली दोन बोटांएवढे मावळे, बुरुजाशेजारी एखादा वाघ, तोही तोफेच्या दुप्पट. कुणाला त्यात काही गैर वाटत नाही, कारण पोरांच्या किल्ल्यात माप मानानं ठरतं. युद्धखेळाच्या टेबलावर हे चालत नाही. तिथे सेनापती आणि शिपाई एकाच मापाचे, तळपायापासून डोळ्यापर्यंत 28 मिलिमीटर. म्हणजे खरा माणूस साधारण साठ पटीनं लहान केलेला. असा एक शिपाई इथे रंगवायला घेऊ. शिपाई नागपूरचा आहे, निदान मेला तेव्हा तरी नागपूरचा होता.

हा खेळ मूळचा प्रशियाचा. 1812 मध्ये रायस्विट्झ नावाच्या एका दरबारी गृहस्थानं राजाला टेबलावरचं युद्ध दाखवलं. 1824 मध्ये त्याच्या मुलानं नियम पक्के केले आणि लष्करानं ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणाला लावले. पुढे इंग्लंडात 1893 पासून ब्रिटन्स कंपनीनं पोकळ शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली, ते स्वस्त झाले, घरोघर गेले. 1913 मध्ये एच. जी. वेल्सनं ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, तेही याच शिपायांच्या जिवावर. आज ज्याचा बोलबाला आहे ते वॉरहॅमर 1983 चं, राक्षस-बुटक्यांचं. आपल्याकडे या खेळाचं नाव काढलं की बहुतेकांना तेच आठवतं. ते वाईट नाही, पण मला त्या राक्षसांचं कधी विशेष प्रेम वाटलं नाही. घरापासून रिक्षाच्या अंतरावर खरी लढाई झालेली असताना कल्पनेतली कशाला?

ती लढाई सीताबर्डीची, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची. पुण्यात खडकीची लढाई होऊन तीन आठवडे झाले होते. नागपूरला राजे आप्पासाहेब भोसल्यांचं आणि इंग्रजांच्या रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचं फाटलं, आणि इंग्रजांनी शहराच्या पश्चिमेच्या दोन टेकड्या धरल्या. एक मोठी, एक तिच्या उत्तरेला लहान. कर्नल होपटाऊन स्कॉटच्या हाताखाली जेमतेम 1400 माणसं, समोर भोसल्यांचं सुमारे 18,000 चं सैन्य आणि 36 तोफा. टेकडी इतकी खडकाळ की खंदक खणायला जागा नाही. धान्याची आणि पिठाची पोती रचून आडोसा केला. संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी लहान टेकडी हातघाईनं घेतली. आपला शिपाई त्यांच्यातला.

टेबलावर एक बाहुला 20 माणसांचा धरायचा, असं एक जुनं, रूढ प्रमाण आहे. त्या हिशेबानं इंग्रजांचे 70 आणि भोसल्यांचे 900 बाहुले होतात. आकड्यांची ही दरी पुस्तकात वाचताना नजरेखालून जाते. ब्रश हातात घेतला की ती हाडात जाणवते. म्हणून शहाण्या माणसानं आधी एकच रंगवावा.

रंग द्यायचा म्हणजे आधी रंग कोणता हे ठरवायला हवं, आणि इथेच खरी अडचण येते. 1803 मध्ये अकोल्याकडच्या अडगावला भोसल्यांशी लढलेल्या इंग्रजी पलटणी घ्या. 78 व्या हायलँडर्सच्या कॉलरचा आणि बाह्यांच्या दुमडीचा रंग फिकट पिवळट, 74 व्यांचा पांढरा. हे सगळं नोंदलेलं, छापलेलं, कुणीही उघडून बघावं असं. आपल्या बाजूला शिपायाची तैनात, घोड्याचा दाणा, तोफेचा बैल यांचे हिशेब कागदावर येतात. अंगरख्याच्या रंगाची दखल क्वचितच. लेखक या भोकावरून उडी मारू शकतो. ‘भोसल्यांचे अरब तुटून पडले’ असं लिहून पुढे जाता येतं. रंगवणाऱ्याला उडी मारता येत नाही, कारण बाहुल्याच्या खांद्यावर कापड आहे आणि ते कोणत्यातरी रंगाचं असावंच लागतं. इतिहासाच्या अभ्यासाचं साधन म्हणून या छंदाची कुणी फारशी बाजू घेत नाही. मी घेतो, ती एवढ्याच कारणासाठी.

अरबांबाबत थोडं सुदैव आहे. दख्खनेत चाकरीला आलेले हे लोक बरेचसे हद्रमौतचे, आजच्या येमेनमधले. गणवेश नव्हता. डोक्याला गुंडाळलेलं कापड, कमरेला दुसरं, पट्ट्यात वाकडा जांबिया, हातात लांब तोडेदार बंदूक. पांढरं मळकं कापड आणि निळीचं कापड, एवढ्यावर मी ठरवलं. शस्त्रांसाठी अजब बंगल्यात, म्हणजे 1863 पासूनच्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात जावं आणि जुन्या तलवारी-बंदुका निवांत बघाव्यात. आपण नेहमी काचेतल्या पाटीवरचं नाव वाचून पुढे सरकतो. रंगवायचं डोक्यात असलं की मुठीवरचा काळपटपणा दिसतो, दस्त्याचं लाकूड जिथे हात लागतो तिथेच उजळ झालेलं दिसतं. तेच उतरवायचं असतं.

आता प्रत्यक्ष काम. बाहुला धातूचा असो, प्लास्टिकचा असो की हल्ली घरी छापतात तसा रेझिनचा, साच्याची किंवा छपाईची रेघ त्याच्या अंगावर राहतेच. ती पात्यानं खरवडायची आणि बारीक पॉलिश पेपरनं घासायची. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो टाळतात. मग शेवटी गालावरून कानापर्यंत गेलेला व्रण दिसतो. त्यानंतर कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशनं आंघोळ. साच्याला लावलेलं तेलकट आवरण निघालं नाही तर रंग धरत नाही. वाळला की बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा, म्हणजे पुढचे सगळे दिवस हात झाकणाला लागतो, बाहुल्याला नाही.

मग अस्तर. करड्या प्राइमरचा फवारा, वीतभर अंतरावरून, थांबत थांबत. अस्तराचं गणित नागपुरात हवामानावर चालतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना फवाऱ्याचा थेंब बाहुल्यापर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि अंगावर रवा बसल्यासारखा खरखरीत थर तयार होतो. पावसाळ्यात उलट: हवेतल्या दमटपणामुळे शेवटचं मॅट वॉर्निश पांढुरकं पडतं, जणू शिपायाला धुक्यात उभं केलं. दसरा ते होळी हा आपला हंगाम. दिवाळीची सुट्टी त्याच्या सुरुवातीलाच येते, हा योगायोग चांगला आहे.

अस्तरावर मूळ रंग. इथे नवशिक्याला एकच गोष्ट सांगायची: रंग पातळ करा आणि दोनदा लावा. ट्यूबमधला रंग सरळ लावला तर नाक-डोळे बुजतात. मिलिमीटरभर नाकावर अर्ध्या मिलिमीटरचा रंग चढला की उरतं काय? उन्हाळ्यात पातळ केलेला रंग ताटलीतच सुकतो, त्यावर उपाय सोपा. चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावलं तर तो दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. टेकडीला आणि चौथऱ्याला 1931 पासूनच्या आपल्या कॅम्लिनचे ॲक्रिलिक रंग उत्तम. चेहऱ्यासाठी बाहुल्यांकरता मुद्दाम बारीक दळलेले रंग मिळाले तर घ्यावेत. ब्रशबद्दल एक सूचना. मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी कौतुकानं दाखवले तर घेऊ नका. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि एकेका किलो केसांसाठी कितीतरी जनावरं मारली जातात. चांगल्या टोकाचा कृत्रिम केसांचा ब्रश या कामाला पुरतो.

पांढरं कापड पांढऱ्या रंगानं रंगवायचं नसतं, हे ऐकून सगळे चमकतात. आधी हाडासारखा पिवळट करडा द्यायचा. शुद्ध पांढरा नंतर, फक्त गुडघा, खांदा आणि फेट्याची वरची घडी इथे, तोही केसभर. कारण असं: खऱ्या धोतराच्या चुणीत बोट जातं, म्हणून तिथे सावली पडते. साठ पटीनं लहान झालेली चुणी अर्ध्या मिलिमीटरचीही नसते. खोलीतल्या दिव्यानं तिच्यात पडलेली सावली लांबून दिसतच नाही. सावली आपणच रंगवून द्यावी लागते. त्यासाठी वॉश, म्हणजे खूप पातळ तपकिरी रंग, सगळ्या अंगावरून फिरवायचा. तो उंचवट्यावरून घसरतो, खाचांत जाऊन थांबतो आणि तिथेच वाळतो. बोटांच्या मधली रेघ, दाढीचा पोत, पट्ट्याखालची कड एकदम उमटते. या छंदातला हा सगळ्यात खुशीचा क्षण. जिथे डबकं साचलं असेल तिथलं कोरड्या ब्रशनं टिपून घ्यायचं, नाहीतर कडेला चहाच्या कपाखाली उमटतो तसा गोल डाग राहतो.

हीच युक्ती आपल्याकडे जुनी आहे. महालाजवळच्या चितारओळीत, जिथे भोसल्यांच्या काळापासून चित्रकार-मूर्तिकारांची वस्ती, गणपतीच्या आधीचे दोन महिने जाऊन बघा. माती वाळते, भेगा भरतात, घासतात, पांढरा हात मारतात, मग अंगाचा रंग. आणि पोटाच्या वळीत, सोंडेच्या खाली, बोटांच्या बेचक्यांत गडद छटा. सावली मातीत असतेच, तरी ती रंगानं वाढवतात, कारण मूर्ती मंडपात लांबून बघायची असते. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या डोळ्याभोवतीची काळी कड, ऐन दिवाळीत बाजारात येणाऱ्या ग्वालनीच्या ओठांवरचा एकच लाल ठिपका, सगळे याच हिशेबात. बाहुलाही हातात घेऊन बघायचा नसतो. तो टेबलाच्या पलीकडून, दोन-तीन फुटांवरून बघितला जातो. जवळून भडक वाटला तर तिथून बरोबर दिसतो.

एका बाबतीत मात्र दोन्ही वाटा फुटतात. चितारओळीत डोळे सगळ्यात शेवटी. त्याआधी मूर्ती पूर्ण असते, पण बघत नसते. आखणीला बहुतेक घरातला जाणता हात बसतो. बाहुल्याचे डोळे मी सगळ्यात आधी करतो. या मापात डोळा अर्ध्या मिलिमीटरचा. आधी काळपट तपकिरी आडवी रेघ, तिच्यावर मळक्या पांढऱ्याची अधिक बारीक रेघ, मग मधे एक उभी टिकली. श्वास रोखून, दोन्ही मनगटं टेबलावर टेकवून. रंग बाहेर गेला तरी हरकत नाही, कारण पापणी, गाल, भुवई नंतर रंगवताना डोळा सगळीकडून आत दाबून आकारात आणता येतो. शेवटी केला आणि हात हलला तर सगळा चेहरा पुन्हा. बुबुळ नाकाकडे किंचित सरकवावं; अगदी मधोमध बसलं की शिपाई भूत बघितल्यासारखा दिसतो.

कातडीच्या रंगाकडे इथे लक्ष जातं. अरबाला गडद तपकिरी, नंतर गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजळ. हीच बाटली पुढे इंग्रजांच्या बाजूलाही लागते, कारण स्कॉटच्या हाताखालच्या दोन पलटणी मद्रासी शिपायांच्या, घोडेस्वार बंगाल फौजेचे. लाल कोटाच्या वर गोरा चेहरा फक्त काही अधिकाऱ्यांना. ‘इंग्रजांनी टेकडी राखली’ हे वाक्य लिहायला सोपं आहे. 70 बाहुले रंगवून झाल्यावर ते तितकं सोपं राहत नाही.

बंदुकीचं लाकूड, पितळी पट्ट्या, जांबियाची मूठ झाली की शेवटचा लाड. तोडेदार बंदुकीला पेटता तोडा असतो, सुताच्या दोरीचा. लढाई संध्याकाळपासून रात्री चालली, तेव्हा अंधारात टेकडीभोवती हे निखारेच दिसले असणार. तोड्याच्या टोकाला नारिंगी, त्यावर सुईच्या टोकाएवढा पिवळा, आणि जवळच्या मुठीवर अगदी पुसट नारिंगी छटा.

चौथरा लोक घाईत उरकतात. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉपनं नागपूरच्या परिसरातले असे खडक आणि त्यांच्या थरांमधले जीवाश्म गोळा केले, त्याच्याच नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज. तेव्हा वाळूवर काळपट तपकिरी रंग, त्यावरून जवळजवळ कोरड्या ब्रशनं करडा घासायचा, म्हणजे खड्यांच्या कडा उजळतात. गवत हिरवं नको. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे कुसळी वाळायला लागलेली असते, पिवळी आणि थोडी तांबूस. जिथे लढाई मांडायची त्या लहान टेकडीवर एपॉक्सी पुट्टीची पोती करावीत. पोत्याच्या तोंडाला दाभणानं दोन घड्या पाडल्या की पुरे.

टेबलावर हा खेळ मराठ्यांच्या बाजूनं खेळणं अवघड आहे, आणि ते सैन्य कमी आहे म्हणून नव्हे. लहान टेकडी पडल्यावर कॅप्टन फिट्झजेराल्डनं घोडदळ घेऊन हल्ला चढवला, हुकमाची वाट न बघता. त्यानंतर अरबांच्या जवळ दारूगोळ्याचा साठा उडाला, गोंधळ माजला, आणि दुपारपर्यंत टेकड्या इंग्रजांकडे राहिल्या. इंग्रजांची माणसं मेली-जखमी झाली ती 367. नियम लिहिणाऱ्यानं या दोन्ही गोष्टी फाशावर सोपवाव्यात असं माझं मत: घोडदळ निघेल का, आणि दारू उडेल का. दारू उडाली नाही तर पुढचा डाव मोठ्या टेकडीच्या उतारावर होतो आणि तो बराच लांबतो. आप्पासाहेबांनी डिसेंबरात शरणागती पत्करल्यावरही अरब शहर सोडायला तयार नव्हते. 24 डिसेंबरचा जुम्मा दरवाज्यावरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि 30 तारखेला बोलणी करूनच ते बाहेर पडले. जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. तो डाव मांडायचा तर टेकडीऐवजी गल्ल्या लागतील, घरं लागतील, दरवाज्याची कमान लागेल. अरब मात्र हाच चालेल, फक्त चौथऱ्यावरचं गवत काढावं लागेल.