तापलेल्या रेडिएटरचे झाकण

घाट चढताना मोटारीच्या तापमापकाचा काटा लाल खुणेवर गेला, तर गाडी बाजूला घेऊन एंजिन बंद करावे. पण रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. का बरे? घरचा प्रेशर कुकर आठवा. झाकणातील स्प्रिंगमुळे आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. एवढ्या दाबाखाली पाणी १०० नव्हे, तर सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण फिरवताच दाब एकदम उतरतो. ११० अंशांवर शांत असलेले पाणी तत्क्षणी उकळते आणि वाफेसह उसळून तोंडावर येते. म्हणून एंजिन पुरते थंड होऊ द्या. मगच पाणी कमी झाले आहे का, नळी गळते का, पंखा फिरतो का, ते तपासा. उशीर झाला तरी चालेल, डोळे जपा!