आपली अर्धी गोळी, त्याच्या जिवाशी गाठ

आज माझीच एक चूक सांगते, म्हणजे ती तुमच्या हातून व्हायची नाही.

आमचा पॉमेरियन 4 किलोचा. पलंगावरून उडी मारली आणि मागचा पाय मुरगळला. जिना चढेना, हात लावला की गुरगुरायचा. रविवार होता, दवाखाना बंद. मी अंगदुखीची आपली आयब्युप्रोफेनची गोळी मोडली आणि अर्धी गुळात घालून दिली. लहान जीव, म्हणून अर्धीच! दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग डांबरासारखी काळी शी. पोटात जखम होऊन रक्त जात होतं. सलाईन लावून कसाबसा वाचला.

हिशेब बघा. गोळी 400 मिलिग्रॅमची. 60 किलोच्या बाईने अख्खी घेतली तर किलोमागे जेमतेम 7 मिलिग्रॅम. 4 किलोच्या कुत्र्याला अर्धी दिली तरी किलोमागे 50! त्याने पोटात व्रण होतात, जास्त गेली तर मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅकही तसंच घातक. दुखऱ्या जागी लावायचं मलमसुद्धा नको; तो ते चाटतो. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला बाधतं. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरते.

मग द्यायचं काय? कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं आहेत, पण ती पशुवैद्यांनी वजन करून ठरवायची. मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवसानंतर रोज किलोमागे 0.1 मिलिग्रॅम देतात. म्हणजे 5 किलोच्या कुत्र्याला फक्त अर्धा मिलिग्रॅम. माणसांची लहानात लहान गोळीच साडेसातची, पंधरापट! म्हणून नाव तेच दिसलं तरी आपली गोळी द्यायची नाही.

औषध खाण्यासोबत द्या, पाणी भरून ठेवा. आधीपासून स्टेरॉइड चालू असेल, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असेल, कुत्री गाभण असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. उलटी झाली, खाणं सुटलं, शी काळी झाली, की औषध थांबवून त्यांना कळवा.

दवाखाना उघडेपर्यंत काय करायचं? त्याला एका जागी बसवा, उड्या आणि जिना बंद. ताजा मुका मार असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून 10 मिनिटं शेका. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. मागचे पाय फरफटत असतील तर मात्र सकाळची वाट बघू नका. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात मणक्याची चकती सरकलेली असू शकते.

आणि चुकून गोळी दिलीच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. गोळीचं पाकीट हातात घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. किती दिली, कधी दिली, खरं सांगा. मला सांगायला लाज वाटत होती, पण सांगितलं म्हणूनच उपचार वेळेवर झाले.