‘रेस’ : एक शब्द, अनेक अर्थ

लॅटिन भाषेतील ‘रेस’ या नामाचा मूळ अर्थ वस्तू; परंतु संदर्भानुसार मालमत्ता, प्रकरण, व्यवहार किंवा दावा असेही त्याचे अर्थ होतात. संस्कृतमधील धनवाचक ‘रै’ हा शब्द भाषातज्ज्ञ त्याच कुळातला मानतात. ‘रेस पब्लिका’ म्हणजे सार्वजनिक बाब; त्यातूनच ‘रिपब्लिक’ हा शब्द घडला.

भारतीय न्यायालयांतही हे नाम प्रचलित आहे. अंतिम निवाडा झालेला वाद त्याच पक्षकारांना पुन्हा उपस्थित करता येत नाही, हे ‘रेस ज्युडिकाटा’चे तत्त्व १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये आहे.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रयोग म्हणजे ‘रेस कम्युनेस’, अर्थात सर्वांच्या समाईक वस्तू. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या इ. स. ५३३ मधील विधिग्रंथाने हवा, वाहते पाणी, समुद्र व समुद्रकिनारा यांची गणना त्यात केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठच्या हॉटेलप्रकरणी याच रोमन विचाराचा आधार घेतला. अशा नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, असे स्पष्ट करून न्यायालयाने हॉटेलला दिलेला वनजमिनीचा भाडेपट्टा रद्द केला.